मिरचीच्या गोदामातून उत्तर ध्रुवाकडे

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगते. नाहीतर चहा प्या आणि उठा!

शिक्षकांना शास्त्रज्ञांबरोबर उत्तर ध्रुवावर नेणारी एक मोहीम निघाली होती. मी शहादा तालुक्यातली विज्ञानाची बाई. केला अर्ज, आणि चक्क शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचले! मग काय विचारता? स्टाफरूममध्ये मी अशी बोलायला लागले, जणू माझं माहेरच ध्रुवावर.

आमच्या हेडसरांना माझं फार कौतुक. म्हणाले, "बाई, डिसेंबरात तुम्ही कानटोपी घालून हजेरी घेता. तिकडे काय गोधडी पांघरून शिकवणार?"

असं काय! थंडीचा सराव करायचाच, असं मी ठरवलं. पण नंदुरबारच्या उन्हाळ्यात थंडी आणायची कुठून? तर कोल्ड स्टोरेजमधून! मुलाखतीच्या दिवशी सकाळीच मी कोल्ड स्टोरेजवाल्या कांतीसेठच्या दारात हजर.

"मॅडम, अंदर सूखी मिरची भरी है," सेठ काकुळतीला आला.

"मला थंडीशी मतलब आहे सेठ, मिरचीशी नाही!"

काय बाणेदार उत्तर, नाही का?

आत जाऊन मिरचीच्या पोत्यावर ऐटीत बसले. पदरही पसरला पोत्यावर. जरा वेळाने थंडीने नाक गळायला लागलं, डोळ्यांना पाणी आलं. मग शिकल्यासवरल्या बाईने काय करावं? त्याच पदराने डोळे पुसले. चांगले घासून!

अगं आई गं! आंधळ्यासारखी चाचपडत बाहेर आले. सेठच्या ऑफिसात डोळ्यांवर पाणी मारते आहे, तोवर मोबाईल वाजला. मुलाखत! तीही व्हिडिओवर!

"ध्रुवावरचा बर्फ वितळतोय. तुम्हाला काय वाटतं?" समितीतल्या मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडला हुंदका. डोळे लालभडक, नाकातून धारा. "बर्फ... बर्फ..." याच्या पुढे गाडी सरकेना. पलीकडे एका सरांनी तर चष्मा काढून पुसला हो! मला वाटलं, जिंकली बाई!

संध्याकाळी त्याच मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "तुमची तळमळ बघून आम्ही भारावलो. पण इतक्या हळव्या व्यक्तीला वितळणारा बर्फ प्रत्यक्ष दाखवणं आमच्या जिवावर येतं."

घ्या! ध्रुव गेला. मी खरंच रडले, बिनमिरचीची.

आमचे हे म्हणाले, "बरफच देखनं शे ना तुले? चाल, रसवंतीवर दखाडस!"

जखमेवर मीठ चोळायला नवराच लागतो. पण गेले. एव्हाना सेठने गावभर दवंडी पिटलीच होती. रसवाल्याने सगळ्यांच्या ग्लासात बर्फ टाकला, माझा तेवढा कोमट रस अदबीने पुढे केला.

"मॅडम, तुमना बिनबरफना. बरफ इतळना का तुम्ही रडतस ना!"