विल्मांच्या डोक्यातलं वेळापत्रक

"जन्मतारीख सांगता का?" मी तिसऱ्यांदा विचारलं आणि पलीकडच्या आजींनी फोन ठेवून दिला.

शेजारी बसलेल्या विल्मा खुदकन हसल्या. "त्यांना गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. दर महिन्याला जातात. थांब, मी करते त्यांना फोन."

इथे नेदरलँड्समध्ये सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. पण विल्मा एकाहत्तर वर्षांच्या, त्यामुळे मराठीत लिहिताना 'त्या' म्हटल्याशिवाय मला राहवत नाही.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आले. तीन वर्षं घरी होते. मग डच शिकले आणि इन्फर्मेशन सायन्सला प्रवेश घेतला. "म्हणजे कोडिंग ना?" असं सगळे विचारतात. थोडंफार असतं. पण मुख्य काम वेगळं. माणसांमध्ये माहिती कशी फिरते ते बघायचं आणि मग तिला सोयीचं तंत्रज्ञान शोधायचं. इंटर्नशिप आर्नहेममधल्या एका छोट्या संस्थेत मिळाली. तिथले स्वयंसेवक आपापल्या गाडीतून वयस्कर लोकांना डॉक्टरकडे नेतात-आणतात. कोणाला कोण नेणार, हे सगळं विल्मांच्या वहीत, आणि वहीपेक्षा जास्त त्यांच्या डोक्यात.

आणि पाच आठवड्यांनी विल्मांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. म्हणजे तीन महिने सुट्टी.

"सॉफ्टवेअर गेल्या वर्षीच घेतलंय, कोणी वापरत नाही," आमचा मॅनेजर रूबेन म्हणाला. "तू सगळ्यांना ट्रेनिंग दे. जमलं नाही तर विल्मा परत येईपर्यंत गाड्या बंद ठेवाव्या लागतील."

मी ट्रेनिंगच्या स्लाइड्स करायला घेतल्या. पण तो आजींचा फोन मनातून जाईना. शेवटी स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि तीन दिवस विल्मांच्या शेजारी नुसती बसून राहिले. आमच्या विषयात याला ऑब्झर्वेशन म्हणतात. माणूस काम कसं करतो ते त्याला न विचारता बघायचं.

विल्मा कोणालाच जन्मतारीख विचारत नव्हत्या. आधी विचारपूस, मग गाडी.

"यांना केसची गाडी नको," एक फोन ठेवून त्या म्हणाल्या. केस म्हणजे आमचे एक स्वयंसेवक ड्रायव्हर. "फार उंच आहे, चढता येत नाही."

"आणि या बाई?"

"त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. पुढे बसल्या तर ड्रायव्हर त्यांच्या डाव्या हाताला येतो, त्याचं काही कळत नाही. म्हणून त्या नेहमी मागे, ड्रायव्हरच्या पाठीशी बसतात."

सॉफ्टवेअरमधल्या आमच्या फॉर्ममध्ये हे लिहायला जागा होती. सर्वांत खाली, 'इतर' या चिमुकल्या रकान्यात. त्याच्या आधी जन्मतारखेसकट अकरा रकाने, आणि ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

मी रूबेनकडे गेले. "ट्रेनिंग नको. फॉर्म बदलू या. जन्मतारीख कशाला लागते आपल्याला?"

त्याने स्क्रीनवर फॉर्म उघडला. "माहीत नाही. व्हेंडरने असाच दिला होता."

अकराचे चार रकाने झाले. 'इतर'चं नाव 'कसं न्यायचं' केलं आणि तो रकाना मोठा करून सर्वांत वर आणला. तब्येतीबद्दलची माहिती परवानगीशिवाय साठवता येत नाही, म्हणून विल्मांनी आणि मी प्रत्येकाला फोन केला. मला वाटलं होतं लोक बिचकतील. छे! एक आजोबा म्हणाले, "लिही, गाडीचं दार मी स्वतः उघडतो." दुसऱ्या एकांनी पत्नी कशी भेटली ते सांगितलं. तेही लिहू का विचारलं, तर म्हणाले, "अर्थात!"

केसनी मात्र हात वर केले. वय अठ्ठ्याहत्तर. "मी मोबाइल बघत गाडी चालवणार नाही."

"बघू नका. आदल्या दिवशी कागद छापून देऊ."

"एवढंच? मग मला कसलाच त्रास नाही." दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच इतरांना फॉर्म समजावून सांगू लागले. माझ्यापेक्षा बरं.

विल्मा ऑपरेशनसाठी सुट्टीवर गेल्या त्या सोमवारी सकाळपासून फोन वाजत होता. केस आणि मी फोनच्या टेबलाशी. दुपारपर्यंत नऊ फेऱ्या ठरल्या. एकही चुकली नाही, एकानेही मध्येच फोन ठेवला नाही. रूबेनने सफरचंदाचा केक आणला. आम्ही तो उभ्याउभ्याच संपवला, कारण फोन थांबत नव्हता.

दहा दिवसांनी खुद्द विल्मांचा फोन आला. फिजिओथेरपीला जायचं होतं.

"कसं न्यायचं?" मी विचारलं.

"गप्प बसणारा ड्रायव्हर नको. आणि मला तो फॉर्म वाचून दाखव, बरोबर भरतेस ना बघू दे."

मी वाचून दाखवला. त्यांनी स्पेलिंगची एक चूक काढली आणि खूश होऊन फोन ठेवला.

इंटर्नशिप संपली तेव्हा रूबेनने नोकरीचं पत्र दिलं. मी घरी जाईपर्यंत सायकलवर एकटीच हसत होते.

लोक सॉफ्टवेअर वापरत नसतील तर बहुतेक वेळा त्यांच्याकडे कारण असतं. ते समजायला साधारण तीन दिवस लागतात, आणि भरपूर कॉफी.