शाळेची किल्ली साळूबाईकडे

पोलादपूरहून कुडपणच्या बाजूला चढत गेलं की पठारावर एक वाडी लागते. पस्तीस घरं, एक देऊळ आणि दोन खोल्यांची शाळा. त्या शाळेची किल्ली गेली अठरा वर्षं साळूबाईच्या कमरेला होती. गुरुजी बदलले, बाया बदलल्या, कौलं जाऊन पत्रे आले, किल्ली काही हलली नाही. साळूबाई शाळेत खिचडी शिजवायची. नेमणुकीच्या कागदावर ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ असं लिहिलेलं होतं म्हणे. म्हणे अशासाठी, की तो कागद तिला वाचता येत नव्हता. सही तेवढी यायची. कधीकाळी साक्षरतेच्या वर्गात कुणीतरी हात धरून गिरवून घेतली, ती हाताला राहिली. पण अठरा वर्षं शाळेत वावरलेल्या बाईला वाचता येत नसेल, अशी शंका वाडीत कुणाला आली नाही आणि तिनंही आपणहून कधी तोंड उघडलं नाही.

खिचडीची खोली वर्गाला चिकटून. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचतच नव्हती, कंत्राटदाराच्या विटा हातभर आधीच संपल्या असाव्यात. त्यामुळे वर्गात बोललेला शब्दन् शब्द चुलीपाशी ऐकू यायचा. साळूबाईला घड्याळ कधी लागलंच नाही. बाराखडी सुरू झाली की आधण ठेवायचं, बेचा पाढा लागला की डाळतांदूळ वैरायचे, आणि पहिलीची पोरं एका सुरात धडा वाचायला लागली की जाळ मागे ओढायचा. असं करत करत पहिलीचं अख्खं पुस्तक तिला पाठ झालं होतं. सरकारनं पुस्तक बदललं की वर्षभरात नवंही पाठ. कालवण ढवळता ढवळता ती पुढचं वाक्य आधीच पुटपुटायची.

तिची नात अंकिता पहिलीत होती, त्या मार्चमध्ये साथ आली आणि शाळा बंद झाली. अंकिताचे आईबाप मुंबईत आणि पोर आजीपाशी, कारण शाळा दाराशी आणि आजी शाळेत. यापेक्षा बरं कुठं मिळणार? शेवटच्या दिवशी फळ्यावर शिकवणाऱ्या अनुपमाबाईंच्या वळणदार अक्षरात तारीख, वार आणि ‘पट १४, हजर १३’ एवढं लिहिलेलं राहिलं. कुलूप लावताना साळूबाईनं ते पुसलं नाही. दोनतीन आठवड्यांचा तर प्रश्न होता.

मे महिन्यात मुंबईची माणसं गावाला यायला लागली, तेव्हा कुलूप पहिल्यांदा निघालं. येणाऱ्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं, मग घरात जायचं, असं ठरलं. साळूबाईचा मुलगा आणि सून सरिताही त्यातच होती. साळूबाई डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दहा पावलं मागे यायची, मग सरिता डबा उचलायची. अंकिता आंब्याच्या झाडाखाली उभी राहून आईला हात हलवायची. पोरीचं घर अजून शाळा झालं नव्हतं, पण शाळा आईचं घर झाली होती.

“आई,” सरिता एकदा गजाला धरून म्हणाली, “हिचं वाचन सोडू नका हां. माझी सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. हिला वाचता यायलाच पायजे.”

“माज्यावर सोड,” साळूबाई म्हणाली. तिनं आयुष्यात इतक्या ठासून दिलेला हा दुसरा शब्द. पहिला लग्नातला.

शाळा बंद ठेवू नये असं तेव्हा तिच्याही मनात नव्हतं. ऑगस्टात कोंडाजीचे थोरले भाऊ सोनबा तापानं पडले. महाडला दवाखान्यात नेले ते परत आलेच नाहीत, खांदा द्यायलाही कुणाला बोलावलं नाही. कोंडाजी म्हणजे साळूबाईचा नवरा. त्याला स्वतःला पूर्वीपासून दम्याची ओढ. पोरं शाळेत एकत्र आली, घरी आजार घेऊन आली आणि म्हातारी माणसं गेली तर? त्या महिन्यात साळूबाईनंच किल्ली कमरेला घट्ट खोचली. कुणी कुलूप काढायला सांगितलं असतं तर तिनं त्यालाच चार शब्द सुनावले असते.

पण पुढं जे झालं, त्यानं तिचं डोकं फिरायला सुरुवात झाली. आधी पोलादपूरची दुकानं उघडली. मग लग्नं. पन्नास माणसांची परवानगी काढायची आणि पंगतीला तीनशे पानं मांडायची. एसट्या भरभरून घाट चढायला लागल्या. अनुपमाबाईंना कशेडीच्या नाक्यावर बसवलं होतं, येणाऱ्या गाड्यांतल्या माणसांची नावं लिहायला. म्हणजे मास्तरीण हायवेवर, पोरं गुरांमागं आणि शाळेला कुलूप. जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि निरोप आला, शाळा उघडून झाडून ठेवा.

“पोरांसाठी?” तिनं विचारलं.

“मतदानासाठी,” निरोप घेऊन आलेला शिपाई म्हणाला.

झाडून ठेवली. दिवसभर वाडीतली झाडून सगळी माणसं त्या खोलीत आली, एकमेकांना रेटत उभी राहिली, बोटाला शाई लावून गेली. संध्याकाळी साळूबाई आत गेली तर फळा स्वच्छ पुसलेला, वर कसलासा कागद डकवलेला. पट गेला, हजर गेले, बाईंचं अक्षर गेलं. ती फळ्यापुढं उभी राहिली आणि तिला रडूच आलं. मग राग आला. तो राग पुढं वर्षभर गेला नाही.

“मोठ्यांना सगलं उगडं,” ती घरी येऊन कोंडाजीवर ओरडली. “मत द्यायला उगडं, लग्नाला उगडं. आमच्या पोरीला तेवडं बंद! तिच्या तोंडातून रोग येतो, आनि त्या उमेदवाराच्या तोंडातून काय अत्तर येतं?”

“माज्यावर कशाला वरडतंस?” कोंडाजी म्हणाला. “मी कुटं बंद केली?”

ते खरंच होतं, पण ओरडायला दुसरं कोण होतं? मोबाईलवर शिकवतात असं कळलं होतं. वाडीत मोबाईलची रेंज यायची ती पठाराच्या कडेला, एका खडकावर उभं राहिलं तर. सहा-सात वर्षांचं पोर त्या कड्यावर कोण उभं करणार?

मग साळूबाईनं आपली शाळा काढली. घराच्या पडवीत. कोंडाजीला पोरांपासून लांब, गोठ्याच्या अंगाला बसवलं, पोरांच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे तुकडे बांधले. अंकिता धरून सात पोरं. हातात पहिलीचं पुस्तक. अक्षरांशी तिची ओळख नव्हती, पण चित्रांशी होती. पुस्तकं वाटायच्या दिवशी ती बाईंना हाताखाली मदत करायची, तेव्हा पानं चाळलेली. मांजराचं चित्र आलं की कुठलं वाचायचं, विहिरीचं आलं की कुठलं, हे तिच्या कानाला ठाऊक. ती पान उघडून सुरू करायची, पोरं मागून म्हणायची. बोट ओळीवरून फिरवायचं, हेही तिनं पाहिलेलं होतं. तेही शिकवलं. पाऊस गेला तोवर पोरं तिच्याशिवाय म्हणायला लागली. अंकिता तर अख्खं पुस्तक, बोट फिरवत, एका दमात.

महाडचा जुल्फिकार टेम्पोतून शाळेच्या तांदळाची पोती आणून टाकायचा. शिजवायचं बंद होतं, तांदूळ घरोघर मोजून द्यायचा. एकदा तो पडवीशी थबकला आणि ऐकतच राहिला.

“साळूबाय, काय वाचतात हो तुमची पोरां!” तो म्हणाला. “आमच्या लेकीला, तूबाला, दुबईहून चाच्यानं मोबाईल धाडला. पोरगी तो समोर ठेवून झोपते. बाई बोलत ऱ्हातात, ही घोरत ऱ्हाते.”

त्या दिवशी साळूबाईनं त्याला दोनदा चहा पाजला. अनुपमाबाई महिन्यातून एकदा अभ्यासाचे कागद घेऊन वर यायच्या. त्यांनीही ऐकलं. कशेडीला परत ड्युटीवर जायची घाई, अंकितानं दोन पानं म्हणून दाखवली, बाई “छान वाचतेस गं” म्हणाल्या आणि स्कूटी सुरू केली. मुंबईला परत गेलेल्या सरिताला फोनवर ऐकवायचं म्हणून साळूबाई पोरीला घेऊन खडकापर्यंत गेली. सरितानं तिकडून परत एकदा पहिल्यापासून वाचायला लावलं. दिलेला शब्द पाळला, असं साळूबाईला वाटलं. का वाटू नये? भिंतीच्या अलीकडून वाचन ऐकू येतं ते असंच.

डिसेंबरात, दुसरा पावसाळाही सरल्यावर, पहिली ते चौथी उघडली. वर्गात न बसता, न वाचता अंकिता आता तिसरीत होती. सरकारनं सगळ्यांनाच वर ढकललेलं. चूल पेटवायची परवानगी अजून नव्हती, पण साळूबाई पहिल्या दिवशी खिचडीच्या खोलीत जाऊन बसली. सुपात तांदूळ घेतले, निवडायचं निमित्त. कान भिंतीवर.

बाईंनी प्रत्येकाला उठवून वाचायला लावलं. अंकिताची पाळी आली. बाईंनी पहिलीचं पुस्तक दिलं आणि पोरगी सुरू झाली. स्वच्छ, न अडखळता. साळूबाईचे हात सुपातच थांबले. तिला वाटलं, आता सगळ्या वाडीला बोलावून ऐकवावं.

“थांब,” बाई म्हणाल्या. “तुझं बोट कुठं आहे आणि तू वाचतेयस कुठलं?”

पुढं काही ऐकू आलं नाही. मग खडूचा आवाज आला. बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. “हे वाच.” शांतता. “बरं, एवढंच. पहिला शब्द.” शांतता. “हे अक्षर कुठलं?” मग अंकितानं भीत भीत विहिरीचा धडा सुरू केला. अगदी पहिल्या ओळीपासून.

साळूबाईनं अठरा वर्षांत वर्गातली एवढी शांतता कधी ऐकली नव्हती.

सुट्टीत अनुपमाबाई खिचडीच्या खोलीत आल्या. चेहरा लाल झालेला. “साळूमावशी, सातच्या सात पोरांना एक अक्षर येत नाही हो! वर्गात गिरवलेलं तेही विसरलीत. पुस्तक झाकलं तरी वाचतात. पोपट केलेत नुसते! आणि मी मूर्ख, छान म्हणून गेले. कुणी शिकवलं हे असं?”

“मी,” साळूबाई म्हणाली.

बाईंनी मागचं दार लोटून घेतलं.

“मला येतं तसं शिकवलं. तुमी आत शिकवायच्यात, मला ऐकू यायचं. दिसत नव्हतं.” तिनं सूप खाली ठेवलं. “मला वाचता येत नाय, बाई. सही तेवडी येते. येवडी वर्सं कोनी इचारलं नाय, मी सांगितलं नाय. पन पोरीचं वाटोलं केलं ना मी? तिच्या आयशीला काय सांगू आता?”

अनुपमाबाई तांदळाच्या पोत्यावर बसल्या. तुम्ही वाटोळं केलं नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. तसं त्या म्हणाल्याही, पण आवाजात जोर नव्हता. कुणी केलं ते सांगायला नाव लागतं. नाव कुणाचं घेणार? ज्यांनी शाळा बंदचा कागद काढला त्यांना ही वाडी नकाशावर सापडली नसती.

“दोन महिन्यांत अक्षरं बसवू,” बाई शेवटी म्हणाल्या. “पोरगी हुशार आहे.”

“दोन म्हैने देतील का?” साळूबाईनं विचारलं. “परत बंद करतील, बाई. तुमी बगा. बंद केली की तुमी जाल नाक्यावर, आनि पोरं माज्या पडवीत. मी परत तसंच शिकवीन. मला दुसरं येतं कुटं?” तिनं चुलीकडं हात केला. “चूल तर बंद हाय. मला रिकामं बसवू नका. मला शिकवा.”

दुसऱ्या दिवसापासून साळूबाई वर्गात शेवटच्या ओळीत बसायला लागली. पहिल्यांदा पोरं फिदीफिदी हसली. “काय दात काडतंस रे,” म्हणून तिनं एकाला धपाटा घातला आणि पाटी मांडीवर घेतली. भाकरी थापणाऱ्या बोटांत खडू सारखा मोडायचा. अक्षर नीट निघालं नाही की ती स्वतःवरच चिडायची. सगळ्यात जास्त चीड यायची ती याची, की प्रत्येक अक्षराचा आवाज तिला अठरा वर्षं ठाऊक होता आणि त्याचं तोंड मात्र आत्ता दिसत होतं. अंकिता दोन अक्षरं पुढेच असायची. रात्री जेवताना नात आजीची परीक्षा घ्यायची आणि कोंडाजी मधे खोकत म्हणायचा, “चुकली गो, चुकली तुजी आजी,” त्याला त्यातलं काही कळत नसलं तरी.

जानेवारी उजाडला. मुंबईत आजार परत वाढल्याच्या बातम्या येत होत्या. एका दुपारी अनुपमाबाई रोजच्यासारख्या खडकावर निरोप पाहायला गेल्या आणि आल्या त्या मान खाली घालूनच. वाडीत तेव्हा एक माणूस आजारी नव्हता. त्या आठवड्यात खालच्या गावात हळद होती, डीजे लागणार होता.

“मावशी,” त्या दारातूनच म्हणाल्या, “उद्यापासून बंद. पत्र आलंय.”

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. साळूबाई शेवटच्या ओळीत अंकिताच्या शेजारी बसली होती. ती उठली नाही. कमरेची किल्ली काढून तिनं पाटीशेजारी जमिनीवर ठेवली.

“कोनी धाडलंय पत्र?”

“वरून आलंय.”

“वर त्यांना कळवा,” साळूबाई म्हणाली, “माजी आजून निम्मी अक्षरां ऱ्हायलीत.”

अनुपमाबाईंनी घड्याळ पाहिलं. शाळा सुटायला दीड तास होता. त्यांनी दार तसंच उघडं टाकलं, खडू उचलला आणि फळ्यावर पुढचं अक्षर काढलं.