चंपाबाईच्या गिरणीतलं वाचन

शाळेच्या दारातल्या फळ्यावर सायली मॅडमनं खडूनं बातमी लिहिली आहे: 'चावडी वाचनात इयत्ता तिसरीच्या संस्कृतीचे उत्तम वाचन. श्रीमती चंपाबाई यांचे सहकार्य लाभले.'

झालं. दोन ओळी. सहकार्य म्हणे! सहकार्य तर मांडववाला पण करतो. आणि ज्याच्यावाचून ही बातमी घडलीच नसती त्या माणसाचं, म्हणजे माझं, नाव कुठंच नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. फळ्यावरचं काय, उद्या पुसून तिथं पोलिओ डोसची तारीख येईल.

मी सर्जेराव. पडेगावात चंपाबाईच्या पिठाच्या गिरणीसमोर माझं इस्त्रीचं दुकान आहे. मधी रस्ता, रस्त्यात एक खड्डा, आणि बावीस वर्षांचा शेजार. लोकांचे कपडे माझ्याकडं येतात तसे त्यांचे किस्सेही येतात, आणि कपड्यांसारखेच मी तेही घडी घालून दुसऱ्याला देतो. याला काही लोक चुगली म्हणतात. म्हणोत.

आता चंपाबाईची मोठी खोड सांगतो. गिरणी चालू असली की आत कानाचा काही उपयोग नसतो. तिचा नवरा पुंजाराम होता तेव्हा दोघं नवरा-बायको दिवसभर त्या घरघराटात ओठांवरूनच बोलायचे, भांडायचे पण. पुंजारामला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ओठ वाचायची विद्या बाईकडं राहिली. तिचा सगळ्यात जास्त त्रास मला. एकदा मी गिऱ्हाइकाला अगदी हळू आवाजात एका मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट सांगत होतो. समोरची गिरणी थांबली आणि रस्त्यापल्याडून हाक आली, "भाऊजी, पोरगी गुलमंडीची नाय, मुकुंदवाडीची हाय. सांगायचंच तर नीट सांगा!"

तेव्हापासून मी महत्त्वाचं बोलायचं असलं की तोंडावर रुमाल धरतो. लोकांना वाटतं माझी दाढ दुखते.

दोन वर्षांपूर्वी शाळेत पालकसभा झाली. सायली मॅडमनी हात जोडून सांगितलं, "घरी रोज दहा मिनिटं मुलांना मोठ्यानं वाचायला लावा. तुम्हाला येत नसलं तरी चालेल, फक्त समोर बसा." सगळे पालक एकमेकांकडं बघायला लागले. कुणाची कंपनीत शिफ्ट, कुणाची धुणीभांडी, कुणाचं टीव्हीवरचं काहीतरी. तेवढ्यात मागून चंपाबाई उठली. तिचं स्वतःचं लेकरू त्या शाळेत नव्हतं. सभेत चहा मिळतो म्हणून आली असेल, असं मी तेव्हा शेजारच्याला म्हणालो होतो. रुमालाआडून.

"जयभीम मॅडम," ती म्हणाली. "टाइम कुणालाच नसतो. पण दळण तर समद्यांच्या घरी लागतं ना? मंग दळण पोरांच्या हाती पाठवा. पुढचं मी बघते."

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत नवा कायदा. जो पोरगा, जी पोरगी डबा घेऊन येईल, तिनं वजनकाट्याशेजारच्या बाकावर उभं राहून एक पान वाचायचं. चंपाबाईनं जुनी पुस्तकं जमवली, रद्दीतली लेकरांची पानं भिंतीला चिकटवली. पान वाचून झाल्याशिवाय डबा गिरणीवर चढणार नाही. मग तो गव्हाचा असो की ज्वारीचा, की घरी पाहुणे जेवायला बसलेले असोत.

आयांनी आधी कुरकुर केली. मग बघितलं की पोरं भांडून दळण न्यायला लागली. एका घरात तर डबा अर्धाच भरून पाठवायचे, म्हणजे आठवड्यात दोनदा जायला मिळेल. चंपाबाई एका हातानं धान्य ओतायची, दुसऱ्यानं पीठ चाचपायची, आणि नजर मात्र पोरांच्या ओठांवर. चुकलं की बाकावर थाप. पोरगं पुन्हा वाचायचं.

फक्त एक झालं. एवढ्या घरघराटात वाचायचं म्हणजे ओरडूनच वाचायला लागतं. त्यामुळं आमच्या गल्लीतली पोरं वाचत नाहीत, दवंडी देतात. माझ्या शेजारची राजनंदिनी घरी अभ्यासाला बसली की तिचे आजोबा देवळात निघून जातात.

या सगळ्या दवंडीवाल्यांत एक संस्कृती होती, जिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

ती निशाची मुलगी. निशा वाळूजला कंपनीत पॅकिंगला जाते, मायलेकी आमच्याच गल्लीत भाड्यानं राहतात. पहिलीत असताना ही पोरगी वाचायला उभी राहिली, कुठंतरी अडखळली आणि वर्ग हसला. एवढंच. तेव्हापासून शाळेत तिचं तोंड बंद. प्रश्न विचारला की मान हलवणार, वाचायला सांगितलं की पुस्तकात डोकं. सायली मॅडम बिचारी तरी काय करणार? आवाज ऐकल्याशिवाय वाचता येतं असं लिहिणार कसं? यंदा वर्गाच्या भिंतीवर यादी लागली. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी रोज पहिले दोन तास पहिलीच्या लेकरांत बसून अक्षरं गिरवायची. तिसरीची संस्कृती त्या यादीत वरून दुसरी.

निशा त्या संध्याकाळी गिरणीच्या पायरीवर बसली होती. "वर्षभर पहिलीत बसवणार हायत तिला, आत्या. तिच्यायेवढ्या पोरी हसतील. आधीच बोलत नाय, मंग तर शाळाच सोडंल."

"कोण म्हणतं तिला येत नाय?" चंपाबाई पदरानं पीठ झटकत म्हणाली. "माझ्या गिरणीत पानंच्या पानं वाचती ती. एक अक्षर चुकत नाय."

मी रस्ता ओलांडून आलोच होतो. अशा वेळी मी दुकानात बसू शकत नाही, प्रकृतीला मानवत नाही. म्हणालो, "वहिनी, तुमच्या गिरणीत मी बी रोज गाणं म्हणतो. कुणी ऐकलंय का?"

निशा रडता रडता हसली. चंपाबाई हसली नाही. "ऐकायचं कशाला? मला दिसतं."

"तुम्हाला दिसतं. पण कुणाला पटंल? पोरगी नुसते ओठ हलवत असंल तर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप रस्ता ओलांडून परत गेलो. खरं सांगायचं तर पुढच्या आठवड्यात मी स्वतः पाळत ठेवली. गिरणी चालू होती तोवर संस्कृतीचे ओठ भराभर चालायचे, बोट ओळीवरून सरकायचं. चंपाबाईनं मुद्दाम बटण बंद केलं, की पोरीनंही पुस्तक बंद केलं. तीन दिवस तिनं हे करून बघितलं. तिन्ही दिवस तेच. त्या गोंगाटात आपल्याला कुणी ऐकत नाही, याचाच त्या लेकराला आधार होता.

आता माझा सहभाग. मी फक्त एवढंच केलं की आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, चंपाबाई म्हणते संस्कृतीला वाचता येतं, शाळेची यादी चुकीची आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगताना जरा इस्त्री फिरवली. संध्याकाळपर्यंत गोष्ट शाळेत पोचली ती अशी, की चंपाबाईनं शाळेला आव्हान दिलंय, चावडी वाचनात पोरीला उभी करा, नाही वाचलं तर गिरणीतलं वाचन बंद करते.

चावडी वाचन म्हणजे शाळेच्या मैदानात सगळ्या गावासमोर पोरांनी वाचून दाखवायचं. केंद्रप्रमुख साहेब येतात, पोरांनी आधी न पाहिलेलं पान त्यांच्याच हातात असतं, म्हणजे पाठ करून कुणी फसवू नये. सायली मॅडमनं वाचणाऱ्यांच्या यादीत संस्कृतीचं नाव घातलं.

चंपाबाई माझ्या दुकानात आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा, कपडे न घेता.

"भाऊजी, माझ्यावर काय बी बोला. मी रोज बघते, सोडून देते. पण लेकराला समद्या गावापुढं उभं केलंत तुम्ही. आता तिथं तिचं तोंड उघडलं नाय, तर ती परत कधीच उघडणार नाय."

मी रुमाल शोधत राहिलो. त्या दिवशी माझ्या हातून एक पांढरा शर्ट जळला.

शनिवारी सकाळी मैदानातल्या लिंबाखाली सतरंज्या पडल्या. पालक, आजोबा, अंगणवाडीच्या बाया, सगळे आले. मी मधल्या रांगेत. चंपाबाई गिरणी बंद करून तशीच आलेली, केसात पीठ, भुवयांवर पीठ, आणि बसली एकदम मागं, भिंतीला टेकून. निशानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. ती फाटकापाशी उभीच होती, बसवेना तिला.

आधी राजनंदिनी. तिनं पहिलं वाक्य वाचलं आणि साहेबांनी माईक स्वतःहून बाजूला घेतला. "बाळा, याची गरज नाही तुला." मैदान हसलं. चार-पाच लेकरं तशीच गरजून गेली. गिरणीचीच सगळी.

मग संस्कृती. साहेबांनी नवीन पान दिलं. तिनं ते दोन्ही हातांत धरलं. ओठ हलायला लागले.

आवाज नाही.

माईक जवळ नेला. नाही. कुणीतरी मागं खुसखुसलं. सायली मॅडमचा चेहरा उतरला. ती पुढं होऊन पोरीच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा मॅडम. वाचू राहिली ती."

"आजी, ऐकू येत नाही हो."

"तुम्हाला. मला दिसू राहिलं." आणि चंपाबाई भिंतीला टेकून, चाळीस फुटांवरून, सुरू झाली. "एका माळावर साळुंकी राहत होती. तिला घरटं बांधायचं होतं. पण माळावर एक बी झाड नव्हतं."

साहेबांनी पोरीच्या मागं जाऊन पानावर बोट ठेवलं. त्यांचं बोट सरकायला लागलं.

"साळुंकीनं इजेच्या खांबाला इचारलं, मी तुझ्यावर राहू का? खांब म्हणला, माझ्या अंगावर पानं नाईत. तुला सावली कोण देणार?"

साहेबांनी मान वर केली. "एक 'मग' गाळला," ते हळूच म्हणाले. "बाकी शब्दन्शब्द बरोबर आहे." खांब पडेगावच्या बोलीत बोलला, तेवढं त्यांनी चालवून घेतलं.

मैदानात एक माणूस हलेना. पोरगी वाचतेय बिनआवाजाची, आणि तिचं वाचणं भिंतीपासून ऐकू येतंय. आता तुम्हीच सांगा, असं काही चालू असताना माझ्यासारखा माणूस खाली बसून राहील? मला ते ओठ बघायचे होते. मी उठलो.

माझी अंगकाठी तुम्हाला माहीत नाही. गल्लीतले लोक उन्हाळ्यात माझ्या सावलीला उभे राहतात. मी उठलो आणि चंपाबाई थांबली. तिला पोरगी दिसेनाशी झाली होती.

संस्कृतीनं मान उंचावली. टाचा उचलून मागं बघितलं. भिंत होती, आजी नव्हती, मधी मी. एक क्षण तिला काही कळेना. मागून मला कुणीतरी सदऱ्याला धरून ओढतही होतं.

आणि पोरगी ओरडली. गिरणीचा अख्खा घरघराट चिरून पलीकडं जावा, अशा आवाजात.

"साळुंकी म्हणाली, सावली माझी मी आणीन! तू फक्त जागा दे!"

लिंबावरचे कावळे उडाले. पोरगी आपल्याच आवाजाला दचकून उभी होती. मग तिनं पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागली, तशाच दवंडीच्या सुरात, शेवटच्या ओळीपर्यंत. आजीला दिसत नव्हतं, तर आजीला ऐकू जायला नको?

फाटकापाशी निशा शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरून सांगत होती, "माझी हाय ती. माझी हाय."

सायली मॅडम वर्गात गेली आणि भिंतीवरची ती यादीच काढून घेऊन आली. सगळ्यांसमोर संस्कृतीच्या नावावर रेघ मारली. चांगली आहे हो ती. डोळे पुसताना तिच्या गालाला खडू लागला, तो दिवसभर तसाच होता.

साहेब मागं चंपाबाईकडं गेले. "आजी, शिक्षण किती झालंय तुमचं?"

"चौथी," चंपाबाई म्हणाली. "पण साहेब, दळण लई बारीक देते."

ही एवढी मोठी गोष्ट, आणि फळ्यावर काय, तर सहकार्य लाभले! मी मॅडमला म्हटलं, माझंही नाव लिहा, मी उठलो नसतो तर पोरगी बोलली नसती. मॅडम म्हणाली, "काका, फळ्यावर तेवढी जागा नाही." चंपाबाई लांबून बघत होती. तिला काय बोलणं झालं ते कळलंच. हसली.

सोमवारी संध्याकाळी संस्कृती बाजरीचा डबा घेऊन गिरणीत आली. बाकावर उभी राहिली, पुस्तक उघडलं. मी इस्त्री बाजूला ठेवून बघत होतो. चंपाबाईनं आधीच्या गिऱ्हाइकाचं धान्य ओतलं, बटण दाबलं, आणि पोरीकडं चक्क पाठ करून उभी राहिली. राजनंदिनी आली तर तिच्या ओठांकडं बघते, बाकी सगळ्यांच्याही ओठांकडं बघते. हिच्याकडं पाठ.

मला राहवलं नाही. रस्ता ओलांडला. गिरणीच्या दारात उभा राहून ओठांनीच विचारलं, "वहिनी, तिच्याकडं बघत नाय तुम्ही?"

"कशाला बघू?" तिनंही ओठांनीच सांगितलं. बावीस वर्षांत मलाही थोडं वाचता यायला लागलंय.

"एवढ्या गोंगाटात काय ऐकू येतंय तुम्हाला?"

तिनं माझ्या दुकानाकडं बोट केलं. "तितं येऊ राहिलं होतं ना?"

खोटं कशाला बोलू. रस्ता, खड्डा आणि गिरणीचा घरघराट ओलांडून माझ्या टेबलापर्यंत येत होतं. शब्दन्शब्द.