तिच्या हातचं मडकं

बाळापुरात घरामागं आम्ही नवरा-बायकोनं मडक्यांचा आवा रचला, तेच आमचं संगं केलेलं शेवटचं काम. मी मडकी देत होतो, ती लाकडं-गोवऱ्यांत बसवत होती. "तोंड खाली करून द्या, किती डाव सांगू तुमाले?" म्हणून खेकसली. आवा पेटवला अन् दुपारी तिले पटकीनं धरलं. डाक्टर अकोल्यात. गाडी जुंपेपर्यंत ती गेली.

दिवस बुडाला होता, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. प्रेतापुढं विस्तवाचं मडकं लागते. मोठा भाऊ आपल्या घरचं घेऊन आला. जिवंतपणी त्यानं तिच्या कामाले कधी बरं म्हटलं नाही.

मी म्हटलं, "तुहं नाही पाह्यजे. तिच्या हातचं काढतो."

"येडा झाला का बे? गरम आवा उघडला तं सारा माल तडकन."

"तडकू दे. तुह्या बापाचं काय जाते?"

"बाप तं आपला एकच हाये," तो म्हणाला.

सकाळी मी फावड्यानं आवा फोडला. गार हवा लागली अन् मडकी तडातडा फुटली. एक धड निघालं. त्यात त्याच आव्याचा विस्तव भरला, ओल्या पोत्यात धरलं अन् तिच्यापुढं चालू लागलो.