हसाजीदादाचा शनवार

हसाजीदादाला जाऊन पाच आठवडे झाले. आमच्यात जाणाऱ्याच्या कानाशी ‘शमा’ म्हणतात, देव एकच आहे एवढं सांगणारी प्रार्थना. जमलं तर जाणाराही ती म्हणतो. दादा शुद्धीवर होता. मी वाकून म्हणालो, "दादा, म्हण." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. शेवटी त्याच्या वतीने मीच म्हटली. ताकद उरली नव्हती, असं सगळे म्हणाले. ताकद होती... ती प्रार्थना त्याच्या तोंडून मीच काढून घेतली होती, ते आज लिहितो.

दादा माझा थोरला चुलतभाऊ. आम्ही कोकणातले यहुदी. कसब्यात येऊन दोघांनी तेलाचा घाणा घातला. शनिवारी आम्ही चूल पेटवत नाही, बैल जुंपत नाही, म्हणून गल्लीत आमचं नाव शनवार तेली. शेजारचा सखाराम तांबट म्हणायचा, "हसाजी, पुढचा जन्म तुमच्या गोठ्यात मागून घेतो. शनवारची सुटी तरी मिळेल." दादा म्हणायचा, "ये की. बाकीचे सहा दिवस फिरवतो तुला." आमच्याकडे ग्रंथ नव्हते. वाडवडिलांकडून तोंडी आलं ते थोडंच, आणि थोडं होतं म्हणूनच आम्ही ते गच्च धरलं होतं.

राहेल ही दादाची एकुलती मुलगी, आठ वर्षांची. एका शनिवारी दुपारी तिचा गळा सुजला, श्वास अडकू लागला. घटसर्प. वैद्यबुवा बिबवेवाडीला रोग्याकडे गेलेले. दादाने गाडीचं जू उचललं. मी ते धरलं. "दादा, शनवार आहे. देव पाहतोय." सखाराम धावत आला. "अहो, मी जुंपतो, मीच हाकतो. तुम्ही नुसते पोरीला घेऊन बसा." मी त्यालाही नको म्हणालो. दादाने जू खाली ठेवलं. शनिवार संपायला आभाळात तारे दिसावे लागतात. आम्ही अंगणात आभाळाकडे बघत बसलो. तारे दिसले, गाडी निघाली, आणि पेठेबाहेर पडायच्या आत राहेल गेली.

दादा मोडला नाही. मरणानंतर आमच्यात सात दिवस जमिनीवर बसतात, तेव्हा तो मला म्हणाला, "देवाने मागितला म्हणून अब्राहमबाबाने मुलावर सुरी उचलली, तेव्हा देवानेच त्याचा हात धरला. माझा धरला नाही. आबा, त्याने मागितलं, मी दिलं." एवढ्यावर तो बारा वर्षं जगला. कुणाच्या घरी दुःख झालं की दादा तिथे जाऊन बसे. त्याच्याकडे बघून लोक जेवायला लागत.

यंदा कोचीनकडचे एक विद्वान आमच्याकडे उतरले होते. जेवताना मी त्यांना विचारलं, मरणाऱ्यासाठी शनिवारी बैल जुंपला तर पाप किती? त्यांचा घास हातात राहिला. "पाप? जुंपलाच पाहिजे. जीव वाचवायला शनिवार मोडावा, हीच आज्ञा आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी गप्प राहू शकलो असतो. आठ दिवस राहिलोही. मग दादाला खरं कळायला हवं, असं स्वतःला समजावलं. मला फक्त माफी हवी होती... तो तीळ पाखडत होता. मी सांगितलं तसं सूप थांबलं.

"म्हणजे त्याने मागितलंच नव्हतं?"

मी खाली सांडलेले तीळ वेचू लागलो.

"मग मी ती कुणाला दिली, आबा?"

त्याने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं होतं. पुढच्या शनिवारी घाण्याचा आवाज आला म्हणून धावत गेलो. दादा बैल फिरवत होता. घाण्यात तीळ नव्हतेच, आत फिरणारी लाकडी लाट कोरडी करकरत होती. सखाराम दारात उभा होता, पण त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. त्यानंतर दादा कुणाच्या दुःखाला गेला नाही. मग अंथरूण धरलं.

लोक मला समजावतात, यातही देवाचा काही हेतू असेल. असेल. जू मी धरलं आणि तोंडही मीच उघडलं, तेव्हा त्याचा हात कुठे होता, हे मला सापडत नाही.

घाण्यावरून आला की दादा ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसायचा. त्याच्या अंगच्या तेलाचा तिथे पाठीएवढा डाग आहे. वहिनीने दोनदा चुना लावला, डाग दोन्ही वेळा वर आला. परवा गेलो तेव्हा ती म्हणाली, "भावोजी, उभे का? ती जागा रिकामीच आहे, बसा." मी काय सांगितलं होतं, ते दादाने तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मी उभाच राहिलो. आता हे कुणीतरी वाचून दाखवेल, तेव्हा तिला कळेल.