बंदूक मुदतीत जमा

ती घटना आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. कुवेतमधल्या ज्या स्वयंपाकघरात ती उलगडली, तिथेच मी रोज सकाळी चहा करतो. पोलीस खात्यात छत्तीस वर्षं काढली. माझ्या नुसत्या खाकरण्याने दरोडेखोर कबुलीजबाब द्यायचे; यातलं निम्मं तरी वाचकांनी खरं मानावं. पण ही केस मी नोकरीत असताना बंद केली, आणि निवृत्तीनंतर कुवेतातल्या अहमदीला लेक-जावयाकडे राहत असताना ती आपणहून उघडली.

तेव्हा मी तळकोकणातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. तिथे वाडीवाडीत शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका. निवडणूक लागली की त्या ठाण्यात जमा करायच्या, पावती घ्यायची, निकालानंतर परत न्यायच्या. लेक सासरी धाडावी तशा तोंडाने माणसं बंदुका आणून देत. त्यात नेमका काजूचा हंगाम. बोंडू पिकून गळायला लागले की वासावर अस्वलं उतरायची. बंदुका माझ्या कोठारात आणि अस्वलं त्यांच्या बागेत. आचारसंहिता काही अस्वलांना लागू नव्हती.

अशाच एका निवडणुकीत रानाच्या कडेला अस्वल मेलेलं सापडलं. अस्वल म्हणजे केवढं! पंचनाम्याला टेप पुरेना. दोन्ही पंचांनी त्याच्या सावलीत बसून सह्या केल्या. अंगात छर्रे निघाले. वनखात्याने गुन्हा नोंदवला आणि आम्हाला पत्र पाठवलं: परवान्याची कुठली बंदूक त्या सुमारास बाहेर होती? मी रजिस्टर पुढ्यात घेऊन उत्तर लिहिलं: एकही नाही, सर्व मुदतीत जमा. गुन्हा अज्ञात इसमावर गेला आणि तिथेच निजला.

त्यानंतर नऊ वर्षांनी, एका शुक्रवारी, सुलैबियाच्या वर्कशॉपातला एक सुतार आमच्या ओट्याखालचं कपाट बसवायला आला. तळकोकणातलाच, चाळिशीचा, जहऱ्यात सहा जणांत एक खोली करून राहणारा. बाहेर धुळीचं वादळ होतं, म्हणून आम्ही सगळे घरातच. जावयाने फोनवर बातमी वाचली की परदेशात कुठे तरी अस्वलांच्या शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू करण्यावरून वाद पेटलाय. जावई हंगामाच्या बाजूचा. अस्वलं मोजा, तेवढेच परवाने द्या, पिल्लं असलेल्या मादीला हात लावू नका. चोरून मारण्यापेक्षा हे बरं, असं त्याचं म्हणणं. लेक म्हणाली, मोजणारे कोण, परवाने विकणारेच ना? मी दोन्ही बाजूंनी भांडत होतो. खात्यातली सवय.

कपाटातली ठोकाठोक थांबली. आतूनच सुताराने विचारलं,

"म्हणजे थंयसर अस्वल मारून माणूस सांजचो घराक जाता?"

जावई हसला. म्हणाला, जातो की, वर फोटोही काढतो. मला हसू आलं नाही. मारल्याची शिक्षा किती, हे कुणीही विचारतो. घरी जाता येतं का, हे ज्याने मारलंय तोच विचारतो.

माझी चौकशीची पद्धत साधी: खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. गाव विचारलं, त्याने सांगितलं. घरी कधी गेला होतास? नऊ वर्षं झाली, वर्कशॉपचा मुदीर रजा देत नाही. मी म्हटलं, बाबा रे, नऊ वर्षं रजा नाकारणारा मुदीर अख्ख्या कुवेतात जन्मला नाही. मग पासपोर्टची मुदत विचारली, तसा त्याने कप खाली ठेवला. पासपोर्ट संपत आला होता. नवा काढायचा तर पोलीस पडताळणी त्याच ठाण्यात जाणार. न काढावा तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपणार.

"सायबानू, तुमका मियां बघताच वळाखलंय," तो म्हणाला. "तां अस्वल मियां मारलंय."

आई काजूखाली बोंडू वेचत होती. अस्वल थेट तिच्यावर आलं. याने बंदूक जमा केलेली नव्हती. मुदत टळून तीन दिवस झाले होते. बार काढला, आई वाचली. दुसऱ्या दिवशी बंदूक ठाण्यात दिली आणि महिन्याभरात एजंट गाठून कुवेत. बंदूक परत न्यायला म्हणून जपलेली पावती त्याने पाकिटातून काढून माझ्यासमोर ठेवली. सही माझी. तारीख मुदतीच्या शेवटच्या दिवसाची.

आता वाचकांपासून इतका वेळ लपवलेलं सांगतो. तो उशिरा आला तेव्हा मीच हवालदाराला म्हणालो होतो, शेवटची तारीख घाल. एका बंदुकीपायी वर खुलासा कोण पाठवणार? पुढे अस्वल सापडलं तेव्हा मी कोठारात जाऊन एकेक बंदूक हुंगली. सगळ्या गंजलेल्या, एकीलाच वरून ताज्या खोबरेलाचा वास, आत जळलेल्या दारूचा. सक्तीने द्यायची बंदूक कुणी पुसून आणत नाही. नाव मला त्याच दुपारी कळलं. पण ते लिहायचं, तर माझी तारीख खोटी ठरत होती. मी कोठाराला कुलूप लावलं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. हेही सांगितलं, की जिवावर उठलेलं जनावर मारणं कायद्याने गुन्हा नाही. बंदुकीची केस झाली असती, ती निभावली असती.

"तुमका ठावक होता?"

मी हो म्हणालो. तो पुन्हा कपाटात शिरला, राहिलेली बिजागरी बसवली, भुसा झाडून घेतला.

मी तिथेच दोन पानं लिहून पाकिटात बंद करून दिली: तारीख मी घालायला लावली, नाव, हुद्दा, सही. लिहिताना पेन्शन डोळ्यांपुढे नाचत होती. जुन्या पासपोर्टावर तो गावी गेला. वनखात्यात त्याने आपणहून जबाब दिला, तिथे माझं पत्र दाखवलंच नाही. एका सकाळी काजूखालून त्याचा फोन आला, चित्रासकट. मी त्याला म्हटलं, फोन जरा झाडावर धर. किती वेळ ते हिरवं बघत राहिलो. मग त्याची आई फोनवर आली. मला वाटलं, आभार मानेल.

"त्या अस्वलान तेव्हा माकाच नेल्यान असता तर बरा झाला असता, सायबा. माझो झील तरी घरात रवलो असतो."

तो कुवेतला परत आला नाही. गावच्या माणसाबरोबर काजूगर पाठवले, सोबत माझं पत्र, न उघडलेलं.

हंगाम असावा की नसावा, यावर आमच्या घरात अजून भांडण होतं. मी एवढंच म्हणतो, की नियम काहीही करा, पण संध्याकाळी ठाण्याची पायरी चढून खरं सांगायची माणसाला भीती वाटता कामा नये. खरं सांगायचं तर त्याला माझीच सही खोटी पाडावी लागली असती; ती भीती मी घातली होती, एका तारखेने.

मीही बरीच वर्षं तिकडे फिरकलेलो नाही. लेकीला सांगतो, गुडघे दुखतात. ते पत्र आता माझ्या सिव्हिल आयडीच्या मागे असतं. येत्या काजूच्या हंगामाचं तिकीट काढलंय. पत्र त्याच ठाण्यात देईन, पावती मागेन, आणि तारीख त्या दिवसाचीच घालायला लावीन.