सातपूरच्या गच्चीवरचे शनिवार

मला त्यांनी बँडमध्ये घेतलं ते वाजवणं थांबवायला. खोटं वाटेल, पण अगदी खरं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सातपूर कॉलनीत राहायचो. कारखान्यांना शनिवारची सुट्टी, त्यामुळे सगळ्या नाशिकचा रविवार तो आमचा शनिवार. नवरा लेथवर कामाला होता आणि उरलेल्या वेळात ढोलकी वाजवायचा. समोरच्या बिल्डिंगमधले बासरीवाले काका आणि बावीस-तेवीस वर्षांचा एक गिटारवाला, असे हे तिघं शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर बसायचे. ठरवून काही वाजवायचं नाही, हा त्यांचा नियम. एकानं काहीतरी काढायचं, दुसऱ्यानं ते उचलायचं, तिसऱ्यानं भलतीकडेच न्यायचं. सुरुवात मस्त व्हायची. पण थांबायचं कसं, हे तिघांपैकी एकालाही कळायचं नाही. मी खाली मुलींना पेटी शिकवायचे. इकडे माझ्या मुली सरगम घोकतायत आणि वर तासभर यांचं चालूच. डोक्याला नुसता ताप!

एकदा तणतणत वर गेले. म्हटलं, "अहो, याला काही शेवट आहे की नाही?"

नवरा हात न थांबवता म्हणाला, "तूच कर की मग."

मी कसली ऐकतेय! खालून पेटी आणली, मांडी घातली, सूर धरला आणि एकच ओळ तीनदा वाजवून तिघांनाही समेवर आणून आदळलं. गिटारवाला म्हणाला, "वहिनी, पुढच्या शनिवारी याल ना?" नाही म्हणणार होते, तोंडातून निघालं 'बघू'. मग कितीतरी वर्षं बघतच राहिले.

हळूहळू माणसं जमायला लागली. कुणी सतरंजी आणायचं, कुणी भजी तळून आणायचं, कुणी घरचा टेपरेकॉर्डर कठड्यावर आणून ठेवायचं. एखाद्याला अगदीच राहवलं नाही तर तो आमच्याकडचीच पातेली उपडी घालून ठेका धरायचा. माझ्या एका पातेल्याला कायमचा पोचा आला, पण हौसेला मोल नसतं. त्या कॅसेटी मग कारखान्यांत जेवणाच्या सुट्टीत हातोहात फिरायच्या, पार सिन्नरच्या कंपन्यांपर्यंत. आम्ही वाजवायचो त्याला नावं नव्हतीच, तर ती लोकांनीच ठेवली. एक 'भज्यांचं', एक 'लाईट गेली तेव्हाचं'. दिंडोरीला एका बागायतदारानं द्राक्षं उतरल्यावर बोलावलं होतं, तिथं पोरं ओरडायला लागली, "लाईट गेली तेव्हाचं वाजवा!" आता ते कुणाला आठवतंय? आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. शेवटी एक गडी पुढे आला. "नाय नाय, आसं हाय ते," म्हणाला आणि त्यानं आमचंच आम्हाला गाऊन दाखवलं. वाजवलं आम्ही आणि पाठ त्यांना! पेटीवर डोकं टेकून हसले मी त्या दिवशी.

गिटारवाल्याला मात्र यातच आयुष्य काढायचं होतं. त्याच्या वडिलांचं नट-बोल्टचं दुकान होतं, तेही सातपूरलाच. हा एकुलता एक. वडील माणूस सज्जन, पण शब्दाला कडक. गच्चीवर कधी फिरकले नाहीत. शहरातल्या एका नाट्यगृहात वाद्यवृंदांची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा त्यांनी मुलाला सरळ सांगितलं, "नंबर आला तर पुण्याला जा, काय शिकायचं ते शीक, माझी ना नाही. नाही आला तर सोमवारपासून दुकानात बसायचं." पोरगं हो म्हणालं. दुसरं काय म्हणणार?

स्पर्धेचा नियम असा, की पंधरा मिनिटं मिळणार. समोरचा लाल दिवा लागला की आटपायचं, नाहीतर बाद. दिव्याकडे बघायचं काम अर्थात माझं.

सगळी कॉलनी टेम्पो करून आली. वडीलही आले, पहिल्या रांगेत कडेला हाताची घडी घालून बसले. सुरुवातीला आम्ही नुसते चाचपडत होतो. नवऱ्याची ढोलकी घाबरलेली, काकांची फुंक अर्धी वाया जातेय. मग गिटारवाल्यानं एक साधीच सुरावट धरली, काकांनी ती अलगद उचलली, आणि सगळं सुटलं. मागून कॉलनीनं टाळ्यांचा ठेका धरला. इतकी वर्षं ऐकत होते, पण त्या पोराला असं वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं. आणि नेमका तेव्हाच लाल दिवा लागला.

मी शेवटाची ओळ धरली. एकदा वाजवली. गिटारवाल्यानं मान वर केली, दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको.

अरे वेड्या, तुझं पुणं जातंय! पण आयुष्य त्याचं, ठरवायचं त्यानं. मी ओळ सोडून दिली आणि त्याच्या मागे गेले. पडदा पाडला, माईक बंद केले, तरी लोक ठेका सोडेनात. आम्ही पडद्याआडही वाजवत होतो.

बाद झालो. सोमवारी पोरगं दुकानात बसलं.

मला वडिलांचा असा राग आला होता म्हणून सांगू! आठवड्यात मध्येच एक दिवस मुद्दाम दुकानात गेले. मुलगा वायसर मोजत होता. "काय देऊ, वहिनी?" म्हणाला. नको असलेली एक कडी घेऊन परत आले आणि घरी येऊन रडले.

शनिवारी गच्ची भरली, पण सुरुवात कुणी करेना. काका बासरी पुसत बसले. नवरा उगाच ढोलकीच्या दोऱ्या ताणत होता. तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत वडील वर आले. कोंबडीला धरावं तशी गिटार मानेला धरलेली. मागे मुलगा, खाली मान घालून.

"वहिनी," ते म्हणाले, "लाल दिवा मलाही दिसला होता. यानं मान हलवली, तीही दिसली."

मी चार गोष्टी सुनावायच्या ठरवून ठेवल्या होत्या. पहिली काढणार, तोच ते पुढे बोलायला लागले.

"शब्द दिला तो दिला. दुकानात त्याला यावं लागेल," ते म्हणाले. "पण शनिवारी आपलं दुकान बंद असतं."

एवढं बोलून त्यांनी चपला काढल्या आणि सतरंजीच्या कडेला बसले. मुलगा गिटार लावायला लागला. एक तार काही केल्या लागेना. डोळे पुसायचा, पुन्हा खुंटी पिळायचा, पुन्हा चुकायचा. सगळी गच्ची ताटकळली होती. माझ्याही डोळ्यांना धार लागली, कशाला लपवू? त्याला घाई झालेली बघून वडिलांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सावकाश लाव रे," ते म्हणाले. "आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?"